पेनीपेक्षा जड

सासऱ्यांनी झिजून गुळगुळीत झालेलं नाणं फळीच्या भोकात टाकलं. ते चपखल बसलं.

"ब्राँझची पेनी. पैशाला पासरी. पुढचं दे."

सुनेने पुढचं दिलं नाही. जुनी ब्रिटिश नाणी ओळखायची सासऱ्यांची रीत ठरलेली होती. लाकडी फळीला एकेका नाण्याच्या मापाचं भोक पाडलेलं. नाण्यावरचा चेहरा झिजून गेला, तरी ज्या भोकात ते बसेल ते त्याचं नाव. लग्न होऊन आल्यापासून सुनेच्या वाट्याला नाणी पुसण्यापलीकडे काही आलं नव्हतं. नाव सांगायचा मान फळीचा. संग्राहकांच्या बैठकीलाही सासरे एकटेच जात.

"बाबा, आत्ताचं हे हाताला जड लागलं."

"जेवली नसशील."

"जेवलीय ती," सासूबाई आतून म्हणाल्या. "ऐका जरा तिचं."

सुनेने पर्समधून खिशात मावणारा वजनकाटा काढला. आधी न झिजलेली पेनी ठेवली. नऊ ग्रॅमच्या थोडं वर. मग फळीतलं ते गुळगुळीत नाणं काढून ठेवलं. बाराच्या वर.

"काटा बिघडलाय तुझा."

तिने पुन्हा पेनी ठेवली. पुन्हा नऊच.

"झिजलं तर हलकं होईल, बाबा. जड कसं होईल? माप पेनीचं आहे, वजन नाही. याच मापाचं, पण जाड, तांब्याचं काही निघालं होतं का?"

सासरे चष्मा पुसू लागले. तो स्वच्छच होता.

"सतराशे नव्याण्णवची हाफपेनी," ते हळूच म्हणाले. "नवी असताना साडेबारा ग्रॅम."

त्यांनी दोन्ही नाणी कडेवर उभी धरली. जाडीतला फरक दारातल्या सासूबाईंनाही दिसला.

"आली! अगं, आली घरात! जन्मभर शोधतोय हिला!" नाणं मुठीत धरून सासऱ्यांनी खोलीला चक्कर मारली. सासूबाई "पडाल हो" म्हणाल्या, पण हसत. सुनेला काटा आवरायचंही भान राहिलं नाही.

दुसऱ्या चकरेत सासरे मधेच थांबले.

"अशा झिजलेल्या पेन्या मी बैठकीतल्या दंतवैद्याला देत आलोय," ते म्हणाले. "मूठमूठ. वर, असलं भंगार घेतो म्हणून हसायचो त्याला."

मग त्यांनी फोन उचलला.

"काय डॉक्टर! मी दिलेल्या त्या गुळगुळीत पेन्या आहेत ना अजून? झकास. या बैठकीला घेऊन या. पुन्हा ओळखायच्यात. आणि हो, सूनही येतेय."

पलीकडचं ऐकून त्यांनी मान हलवली.

"छे हो, सोबतीला नाही. ओळखणार तीच आहे."