डाव्या हाताची अक्षरं

उंचवटा नाही… तिने डाव्या हाताची तर्जनी पुन्हा एकदा कळांवरून फिरवली, सावकाश, तांदळातला खडा शोधावा तशी. नव्हताच. बोटांना घर सापडावं म्हणून कळफलकाच्या मधल्या ओळीत एका कळेवर बारीकसा उंचवटा असतो, त्याच्यावर तर्जनी टेकली की बाकीची बोटं आपापल्या जागी जाऊन बसतात – म्हणजे, बसत. या यंत्रावर तो नव्हता. इथे अक्षरं शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी होती, क ख ग घ, मग च छ ज झ, कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही.

वाचा गेलेल्यांना शिकवायला येणाऱ्या बाई ते तिच्या मांडीवर ठेवताना केवढ्या खुशीत होत्या! "तुम्ही तर जन्मभर टायपिंग केलंय, काकू. आणि इथे सगळं क्रमाने आहे बघा. पहिलीतल्या पोरालाही जमेल." त्याला जमेलच की. त्याला कुठे आधी काही विसरायचं असतं?

कचेरीत कामासाठी आलेली माणसं तिच्या टेबलाशी वाकून विचारायची, "बाई, ही अक्षरं अशी विस्कटलेली का हो?" ती मान वर न करता म्हणायची, "विस्कटलेली नाहीत, कामाला लागलीत." सगळा हॉल हसायचा. हात मात्र थांबायचे नाहीत… कुठलं अक्षर कुठे आहे हे तिला विचारलं असतं तर सांगताच आलं नसतं, ते बोटांना ठाऊक होतं, आणि बोटांनी ते आपापसांत वाटून घेतलं होतं. डाव्या हाताकडे काने, मात्रा, वेलांट्या, आणि खालच्या ओळीतले म, न असे एकदोन किरकोळ गडी. बाकी क, त, र, प, ज, घर चालवणारी सगळी अक्षरं उजव्याकडे. आता तो उजवा हात उशीवर पडलेला असतो, दुसऱ्या कुणाचा तरी इथे विसरून राहिल्यासारखा. त्याच्याबरोबर ती अक्षरंही गेली. तोंडातून निघतो तोही नुसता आ… ऊ… डाव्या हाताचाच ऐवज.

एक अक्षर शोधायचं तर पहिल्यापासून घोकत यायचं. क, ख, ग… आणि ज येईपर्यंत, कशासाठी निघालो होतो? मी कशासाठी निघाले होते?

जा म्हणण्यासाठी. हो. तू जा.

लेक चहा घेऊन आली. तिने मान हलवली, नको. "बरं, मग थोड्या वेळाने," म्हणत लेकीने कप बाजूला ठेवला आणि पलंगाच्या कडेला टेकली. तिच्या भांगात पांढरं दिसू लागलं होतं. कधीपासून? दूरच्या शहरातली ती नोकरी, जिच्यासाठी लेक इतकी वर्षं खपली होती, तिच्याबद्दल आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"आई, मी जाऊ का राहू? तुझ्यासाठी चांगली बाई ठेवीन, मावशीही येऊन-जाऊन असेल. पण तूच सांग गं. तू म्हणशील तसं."

वाक्य तिने सकाळीच जुळवून ठेवलं होतं. मी बरी आहे, तू जा. हिला शिकवली ती काय माझं तोंड पुसायला? 'मी'पासून सुरुवात. 'मी' तर डाव्या हाताचंच, ते कशाला घोकायचं… आणि बोट आपणहून निघालं, खालच्या ओळीत, मग वर, पूर्वीसारखं, झपकन, न बघता. किती दिवसांनी! क्षणभर तिला कचेरीच्या खिडकीतलं ऊन आठवलं.

यंत्राच्या वरच्या पट्टीवर उमटलं होतं – रा.

इथल्या कळा मोठ्या. म असायचा तिथे र बसला होता, वेलांटीच्या जागी काना.

"रा…" लेकीने वाचलं. "राहा? राहू म्हणतेस?"

लेक तिच्याकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि तिच्या कपाळावरची बट मागे सारून फोन घेऊन गॅलरीत गेली.

बोट चुकलं. तीस वर्षांची सवय, काय करणार, बोट चुकलं… पण मान? मान हलते की. मघाशी चहाला हलली होती. सूप नको, उशी नको, खिडकी लावू नको, सगळ्याला हलते. आणि लेक डोळ्यांत बघत थांबली होती, चांगली थांबली होती, आणि मी…

गॅलरीतून आवाज येत होता. "नाही, तसं काही नाही… घरचीच अडचण… हो, विचार केलाय मी." आणि इकडे पलंगावर तिच्या छातीत काहीतरी सैल होत होतं, ऊबदार, हवंहवंसं. जाणार नाही. रात्री नुसतं आ केलं तरी येईल. तिला स्वतःची किळस आली, आणि तरीही ते सैल होणं थांबेना.

अजून बोलतेय ती. अजून फोन ठेवलेला नाही. तोंडाने हाक मारता येत नसली तरी आ करून ओरडता येतं. आणि हे यंत्र आहे. क, ख, ग, घ… च, छ… या वेळी काही विसरलं नाही, कुठे अडलं नाही. बोट ज वर येऊन टेकलं. पहिलीतल्या पोरालाही जमेल इतकं सोपं.

ते तिथेच टेकून राहिलं.