लहानूच्या पोटातला रफूगार

मित्रांनो, मी एका जुन्या घराण्यातला पेप्टाइड आहे. म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. रायपूरच्या गुढ़ियारीत राहणाऱ्या लहानूच्या जठरात माझा मुक्काम. मी जेमतेम काही तास टिकतो. पण मी संपलो की हुबेहूब दुसरा येतो, म्हणून आम्ही सगळे स्वतःला 'मी'च म्हणतो.

जठराच्या अस्तराला ओरखडा पडला की मी शेजारच्या पेशींना पुढे सरकवतो, उघडी जागा झाकतो, सूज आवरतो. लहानूने झणझणीत रस्सा ओरपावा आणि मी निमूट रफू करावं, अशी वीस वर्षं गेली. कौतुक? छे! आतल्या कारागिराला कोण विचारतो!

मग त्याची कंबर धरली. तो सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपाशी राबतो. सकाळी बस पकडायच्या घाईत तो उपाशीपोटीच दुखण्याची गोळी गिळू लागला. कंबर दुखायची थांबली खरी, पण अस्तरावरचा चिकट थर विरत गेला. मी एक भोक बुजवतो तोवर दुसरी गोळी हजर. पुढे पोट दुखू लागलं, तर त्यालाही तीच गोळी! मला रडूच कोसळलं.

जखम खोल गेली, रक्त झिरपू लागलं. जठरातलं रक्त खाली उतरेपर्यंत काळं होतं. शौचाला काळं होतंय हे ऐकून त्याची बायको माया घाबरली. तो हसला.

"अवं, सिलतऱ्यात थुंकी काळी, रुमाल काळा. मंग हे काय गोरं येईन?"

तिथल्या काजळीची सगळ्यांना इतकी सवय, की मायालाही ते पटलं.

या महिन्यात भट्टी दुरुस्तीला बंद झाली. लहानू घरी बसला, गोळ्या मात्र चालूच. आज सकाळी तो संडासातून आला तो पांढराफटक होऊन.

"आजबी काळंच?" मायाने विचारलं.

"हव."

"आठ दिवस झाले, तुमी प्लांटात गेलेच नाही. मंग काळं काहून?"

लहानूने कपाळावरचा घाम पुसला. "चला दवाखान्यात, आत्ताच," माया म्हणाली. तो उठला आणि मटकन खाली बसला.

माझ्यासमोरची शीर फुटली होती. मित्रांनो, मी पेशी सरकवू शकतो, शीर बांधू शकत नाही. तुमच्या घरी कोणी उपाशीपोटी अशी गोळी घेत असेल, तर आजच डॉक्टरांना विचारायला लावा. काळं दिसलं तर हसण्यावारी नेऊ नका.

बाहेर माया ओरडते आहे, "भैया, ऑटो बुलाओ, जल्दी!" ऑटोचा आवाज अजून येत नाही. इथे रक्त वाढतंच आहे, आणि मी वेड्यासारखा जखमेच्या कडा ओढतो आहे.