चाळीस पोटं आणि एक केक

साथरोगतज्ज्ञ म्हणजे नक्की काय, हे घरात कुणालाच धड कळलं नव्हतं. आत्या चारचौघांत सांगायची, "आमची पोरगी साथ करते," आणि लोक विचारायचे, "तबल्यावर की पेटीवर?" डॉक्टरकीची पदवी असताना दवाखाना थाटायचा सोडून पोरगी आरोग्य खात्यात शिकाऊ म्हणून लागली, तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता.

अकराव्याच दिवशी फोन आला. कपडे शिवायच्या एका कारखान्यात वर्धापनदिनाला एकशेवीस माणसं जमली होती आणि सकाळपर्यंत चाळीस जणांची पोटं बिघडली होती. "जा, तूच बघ," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे तिच्या वरिष्ठ. कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली.

कारखान्यात निकाल आधीच लागला होता. "केक! दुसरं काय?" मॅनेजर गरजला. केक पुरवणारे बेकरीवाले काका कोपऱ्यात तोंड पाडून उभे होते.

"थांबा हो, आधी विचारू तर द्या," ती म्हणाली.

मग दोन दिवस तिने एकेकाला गाठलं. काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायलं, पोट कधी बिघडलं? शिलाईवाल्या बायका आधी लाजल्या, मग अशा खुलल्या की आवरेनात.

"सात वेळा! लिहा!" एक ओरडली.

"सात काय घेऊन बसलीस? माझे नऊ!" दुसरीने मात केली. सगळा हॉल खो-खो हसला, तीही हसली.

बेरजा मांडल्या आणि ती ताडकन उठली. केक खाणारे नव्वद, त्यांतले आजारी तीस. न खाणारे तीस, त्यांतले आजारी दहा. दोन्हीकडे तिघांत एक! केक बिचारा निर्दोष होता. त्या दहांतला इलेक्ट्रिशियन तर म्हणाला, "ताई, मी केकच्या वाऱ्यालाही उभा नव्हतो. वरच्या मजल्यावरचा पंखा दुरुस्त केला, तिथल्या वॉटर कूलरचं गटागट पाणी प्यायलो आणि घरी गेलो."

तिने पाण्याचा रकाना मोजला. चाळिसांतले अडतीस जण वरच्या कूलरचं पाणी प्यायले होते, धडधाकट ऐंशींतले मात्र जेमतेम सहा! प्लंबरला घेऊन ती धावतच गच्चीवर गेली. कूलरच्या टाकीचं झाकण फुटलं होतं आणि त्यावर सांडपाण्याचा पाइप टपटप गळत होता.

"सापडलं!" ती अशी किंचाळली की प्लंबरच्या हातातला पाना पडला. इतकी घाण बघून कुणाला इतका आनंद झालेला त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

कूलर तिथल्या तिथे बंद झाला. तीन दिवसांनी प्रयोगशाळेनेही पाण्यावरच बोट ठेवलं. बेकरीवाले काका हसता हसता रडले. ती तरंगतच मॅडमसमोर गेली.

मॅडमनी अहवाल वाचला, चष्मा काढला. "अडतीस झाले. उरलेले दोन?"

बाकी कुणी असतं तर हिरमुसलं असतं. हिच्या अंगात मात्र वारंच शिरलं. ते दोघं नवरा-बायको होते. तिने त्यांचं घर गाठलं. वर गेलोच नाही, असं दोघंही शपथेवर सांगत होते.

"मग पाणी?"

"घरून आणलेल्या बाटलीतलं," नवरा म्हणाला.

बायको हळूच म्हणाली, "अहो, ती संपली होती. मैत्रिणीने वरून भरून आणली."

"चाळीस!" ती दारातच टुणकन उडाली, आणि त्या माउलीला कडकडून मिठी मारून मॅडमना फोन लावत रस्त्याने पळत सुटली.