धाकटीची जन्मवेळ

थोरलीनं ग्रहवाल्यांना घरात घेतलं ते पायपुसण्यावर पाय घासायला लावूनच. हा साठीचा गृहस्थ एका साप्ताहिकात वीस वर्षं नामवंतांच्या कुंडल्या मांडत आला होता. नामवंत मेला की महिन्याच्या आत याचा लेख तयार: बघा, सगळं आधीच ठरलेलं होतं. जिवंत माणसांच्या वाटेला तो सहसा जात नसे, कारण जिवंत माणसं उलट बोलतात.

तिच्या धाकट्या बहिणीला जाऊन तीन आठवडे झाले होते. ती लेखिका होती, आणि तिच्या पायाला भिंगरी होती. एकोणिसाव्या वर्षी एका मूर्तिकाराबरोबर घरातून निघून गेली, वर्षभरात त्यालाही सोडलं. मग एक वादक, मग एक नाटकवाला, मग कुणीच नाही. लग्न केलं नाही, खोल्या मात्र सतरा बदलल्या. पुरुषी कोट घालून हिंडायची, हॉटेलातल्या टेबलावर तासन्‌तास लिहीत बसायची आणि तिथून उठवलं की शेजारच्या हॉटेलात जायची. लोक तिला नावं ठेवत आणि तिची पुस्तकं रांग लावून वाचत.

थोरली चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, नाकासमोर चालणारी. धाकटी तिला 'इस्त्री' म्हणायची. "इस्त्रे, एखादी तरी सुरकुती पडू दे गं," असं म्हणून गळ्यात पडायची, आणि थोरलीचा राग पाच मिनिटंसुद्धा टिकायचा नाही.

आठव्या पुस्तकानंतर मात्र तो टिकला. थोरलीचं एकुलतं एक मूल मेलेलंच जन्मलं होतं. ते न्यायच्या आधी तिनं त्याला न्हाऊ घातलं, स्वतः विणलेला स्वेटर चढवला आणि सकाळभर त्याच्याशी बोलत बसली. तेव्हा खोलीत फक्त धाकटी होती. थोरलीनं हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, तो बिचारा न कळताच गेला. आणि धाकटीनं ते छापलं. नाव बदललं होतं, बाकी स्वेटरच्या रंगापासून शब्दान्‌शब्द तोच. भाजीवालीसुद्धा डोळे पुसत म्हणाली, काय लिहिलंय हो तुमच्या बहिणीनं.

दोन वर्षं थोरलीनं अबोला धरला. मरायच्या पाच दिवस आधी, भर दुपारी, धाकटी दाराशी आली. बेल चारदा वाजली. थोरली दाराच्या आत उभी राहिली आणि तिनं कडी काढली नाही. पाचव्या दिवशी लाँड्रीच्या वरच्या खोलीत धाकटी न्यूमोनियानं गेल्याचा निरोप आला.

म्हणून ग्रहवाल्यांचा फोन आला तेव्हा थोरली नाही म्हणाली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. धाकटीचं मरण ठरलेलंच होतं, दार उघडलं असतं तरी टळलं नसतं, असं कुणीतरी जाणत्यानं सांगायला हवं होतं. तेवढं मिळालं तर उरलेली वर्षं कशीबशी काढता आली असती.

"जन्मतारीख माझ्याकडे आहे," ग्रहवाले टेबलावर कागद पसरत म्हणाले. "वेळ लागेल. घरात कुणाला ठाऊक असेल तर तुम्हालाच."

"मला आठवत नाही," थोरली म्हणाली.

तिला चांगलं आठवत होतं. पण खरी वेळ सांगितली आणि भलतंच काही निघालं तर, या धास्तीनं तिनं हातचं राखून ठेवलं.

"हरकत नाही. वेळ नसली की आम्ही उलटं जातो. आयुष्यातल्या घटना सांगा, त्यांच्यावरून वेळ काढू. रीतच आहे ती."

थोरली सांगत गेली. घर सोडलं तो महिना, पहिलं पुस्तक, मूर्तिकार, पारितोषिक, वादकाची भांडणं. ग्रहवाले पेन्सिलीनं आकडे मांडत, खोडत, वेळ पुढे-मागे सरकवत. पहाटे चारला धरलं तर पुस्तकं जमत, पुरुष जमेनात. सहाला पुरुष जमले, पण नको तितके. शेवटी पाच दहाला सगळं जागच्या जागी बसलं आणि ग्रहवाल्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं.

"बघा. शुक्र बिघडलेला, पण लेखणी बळकट. आणि शनी इथं. छपन्नावं वर्ष, छातीचं दुखणं. बाई, हे टळणारं नव्हतं. जगातला मोठ्यातला मोठा डॉक्टर उशाशी बसला असता तरी नाही."

थोरलीला एकदम रडू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. ती स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवून आली, साखर दोनदा घातली, आणि तो गोडमिट्ट चहा ग्रहवाल्यांनी मुकाट्यानं प्यायला.

मग त्यांनी बॅगेतून एक छापील कागद काढला. "इथं सही करा. जन्मवेळ घरच्यांकडून मिळाली, एवढंच. वाचक शंका काढतात म्हणून संपादकांना लागतं."

थोरलीनं चष्मा लावला, पेन हातात घेतलं. वेळेच्या जागी ग्रहवाल्यांच्या सुबक अक्षरात पहाटेचे पाच दहा होते.

इस्पितळात पलंगाच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला असायचा. रात्रपाळीला पेंगणाऱ्या मुली थर्मामीटर न लावताच आकडे भरायच्या, कालच्यासारखेच, शोभतील असे. अशा दोघींना थोरलीनं घरी पाठवलं होतं. न मोजलेला आकडा लिहिणाऱ्या बाईच्या हातात माणूस द्यायचा नाही, असं ती चारचौघांत म्हणाली होती. आता तिचा हात पुढे जाईना.

"दुपारी तीन पस्तीस," ती म्हणाली.

"काय?"

"तिची वेळ. मी चौदा वर्षांची होते. सुईणीनं माझ्या हातात घड्याळ दिलं होतं, रडल्याबरोबर वेळ सांग म्हणून. तीन पस्तीस. मला आठवत होतं."

ग्रहवाले चिडले नाहीत. कोरा कागद घेऊन पुन्हा मांडायला बसले, आणि या खेपेला त्यांनी काहीच खोडलं नाही.

"किती आयुष्य आहे?" थोरलीनं विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"मेलेल्या माणसाचं सांगायला काय हरकत आहे?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ऐंशीच्या पुढे. छपन्नाव्या वर्षी दुखणं दिसतंय, पण त्यातून उठलेली दिसते. घरच्या माणसाच्या हातून." मग घाईनं म्हणाले, "हे बघा, घड्याळं तेव्हाची. पुढे-मागे असतील. छापायला आधीचीच बरी, ती आयुष्याशी जुळते. सही करा आणि मनातून काढून टाका."

थोरलीनं पाच दहावर आडवी रेघ मारली, वर तीन पस्तीस लिहिलं आणि खाली सही केली.

"असं छापलं तर माझ्या लेखाला अर्थ राहत नाही," ग्रहवाले हळूच म्हणाले.

"नका छापू."

ते उठले, बॅग आवरली. दाराशी त्यांना राहवलं नाही. "बाई, ती आजारी आहे हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? स्वतःला किती बोल लावाल?"

"ती या दाराबाहेर खोकत होती," थोरली म्हणाली. "मी आतून ऐकत होते. चाळीस वर्षं मी तोच खोकला ऐकलाय. न्यूमोनिया आहे, आजच्या आज इस्पितळात न्यायला हवं, हे मला तिच्याआधी कळलं होतं."

ग्रहवाल्यांनी जोडे घातले आणि ते जिना उतरू लागले.