घरातलं पाचवं माणूस

जनगणनेच्या मोजणीची मुलगी अंगणात आली तेव्हा एनिफा नाझोम्बेनं आधी तिच्या पायांकडे पाहिलं. बूट लाल धुळीनं माखले होते, म्हणजे बाई चालत आली होती. मोटारीतून उतरली असती तर एनिफानं कडीच लावून घेतली असती. मुलांजेच्या डोंगरापायथ्याच्या या गावात मोटारीतून येणाऱ्यांनी आजवर कुणाचं भलं केलं नव्हतं. पुरानंतर असाच एक जण कागद घेऊन आला होता. छप्पर कशाचं, घरात कमावता पुरुष आहे का, असं त्यानं विचारलं. एनिफानं खरं सांगितलं, पुढच्या खोलीवर चार पत्रे आहेत म्हणाली. झालं! मदतीचा मका आला तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या थोकोझानीनं मात्र पत्र्यांवर गवत पसरून ठेवलं होतं. तिला दोन पोती मिळाली.

त्या दिवसापासून एनिफानं खूणगाठ बांधली होती. कागदवाला आला की घर आहे त्याहून उणं दाखवायचं.

आज उणं दाखवायला घरात एक अख्खा माणूस होता. काल दिवेलागणीला तिचा जावई लॅक्सन अचानक दारात उभा राहिला होता. दोन वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत कामाला गेलेला. पहिले काही महिने निरोप आले, मग काहीच नाही. आता आला तो एक फाटकी पिशवी, वाढलेली दाढी आणि अंगावर कुणाचं तरी निळं जाकीट घेऊन. मेरिफानं नवऱ्याला काही विचारलं नाही, नुसती रडली. एनिफाला मात्र रात्रभर टोचणी लागली होती. दोन वर्षं हा होता कुठे? तिकडे दुसरं घर मांडलं असेल. त्या बाईनं हाकललं असेल, म्हणून आता इथली वाट आठवली.

पण विचारायची सोय नव्हती. सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. बोलायचं ते लेकीच्या तोंडून.

सकाळी मोजणीवाली शेजारच्या घरी दिसली तशी एनिफा चुलीपाशी वाकून म्हणाली, "मेरिफा, सांग त्यांना. ती बाई जाईपर्यंत मागच्या तुरीत जाऊन बसा म्हणावं."

"आई, अगं काल तर आलेत. असं चोरासारखं..."

"पुरुष दिसला की यादीतून नाव उडतं. मागच्या खेपेला तुझ्या पोरी काय खाऊन राहिल्या, आठवतं ना? आंब्याच्या कोया उकडून."

लॅक्सननं ते ऐकलं. खाली मान घालून उठला आणि मागच्या दारानं डोक्याहून उंच वाढलेल्या तुरीत शिरला.

मोजणीवालीचं नाव होतं तियामिके. पंचविशीची असेल. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीसारखं यंत्र. चटईवर बसून तिनं विचारलं, "मावशी, काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?"

"मी. ही माझी लेक. हिच्या दोन मुली. चार."

"पुरुष माणूस?"

"माझा मेला. हिचा परदेशी आहे. आहे का नाही, तेही देव जाणे."

मेरिफानं चितेंजेचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ते कापड कमरेला असलं तरी बायकांचा जीव बहुधा त्याच्या टोकातच अडकलेला असतो.

"पाणी कुठून आणता?"

"हापशावरून. तो बिघडला की ओढ्यावरून."

"छप्पर?"

"गवत," एनिफा म्हणाली. तियामिकेनं मान वर करून डोक्यावरच्या पत्र्यांकडे पाहिलं, मग एनिफाकडे. मग तसंच टिपून घेतलं. एनिफाला ते टिपून घेणंच जास्त खुपलं.

"तुम्हाला एकूण मुलं किती झाली, मावशी?"

"सात."

"हयात किती?"

एनिफानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "मेलेल्यांचं काय करणार तुम्ही? त्यांना मका देणार?"

"नाही हो. दवाखाने कुठे हवेत ते यावरून कळतं, असं आम्हाला सांगितलंय."

"सांगितलंय," एनिफा म्हणाली. "आम्हालाही बरंच काही सांगितलं जातं, पोरी. तीन. तीन आहेत."

तेवढ्यात मागच्या बाजूनं आरोळी उठली.

दोन वर्षांपूर्वी त्या मुलखात एक अफवा पसरली होती. अनोळखी माणसं येतात, झोपलेल्यांचं रक्त ओढून नेतात. कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण शेजारच्या गावात एका वाटसरूला लोकांनी मरेस्तोवर मारलं होतं. अफवा विरली, भीती तशीच राहिली. आणि आज घराघरांतून माणसं मोजत एक परकी बाई फिरत होती. हापशावर सकाळपासून कुजबुज होतीच, की कुठल्या घरात किती रक्त आहे ते ही लिहून नेतेय. अशात सायकलवर सवाऱ्या नेणाऱ्या बिझविकला तुरीत निळं जाकीट हललेलं दिसलं.

"साथीदार आहे हिचा! धरा त्याला!"

लॅक्सन घाबरून पळाला. पळाला म्हणून तो चोर ठरला. ओढ्याच्या उतारावर सात-आठ जणांनी त्याला गाठलं. तो ओरडून नाव सांगत होता, पण कल्ल्यात ऐकणार कोण? त्यात वाळलेलं अंग, दाढी. दोन वर्षांपूर्वीचा लॅक्सन त्यात कुणाला दिसला नाही.

मेरिफा किंचाळत धावली. एनिफाही उठली, पण दोन पावलांवर अडखळली. मोजणीवाली शेजारीच उभी होती. आता तोंड उघडलं की खोटं उघडं पडणार, नाव जाणार. आणि मनाच्या तळाशी आणखी एक घाण विचार होता. खाऊ दे थोडा मार. दोन वर्षं पोरीला तरसवलंय.

तेवढ्यात कुदळीचा दांडा हाडावर बसल्याचा आवाज आला. मग एनिफा जी धावली ती थेट घोळक्यात घुसली आणि बिझविकच्या हातातला दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला.

"सोड, मेल्या! जावई आहे माझा!"

"जावई? तुझा जावई जोहान्सबर्गला आहे. तूच तर गावभर सांगतेस!"

"काल आलाय."

"आणि आल्या आल्या तुरीत कशाला बसलाय?"

सगळे थांबले. तियामिकेही मागून येऊन उभी राहिली होती. एनिफाला धाप लागली होती. "मी बसवलाय," ती म्हणाली. "मोजणीत पुरुष दिसू नये म्हणून. मका तुटू नये म्हणून. मारायचं तर मला मारा."

दांडे हवेतच राहिले. मग मागून थोकोझानी म्हणाली, "बाई, मीसुद्धा दोन शेळ्या बहिणीकडे पाठवल्यात आज." कुणीतरी फिसकन हसलं. दांडे खाली आले.

"पण ही बाई कोण ते अजून ठरलं नाही," बिझविक पुटपुटला.

तियामिकेचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण ती पळाली नाही. गळ्यातला रुमाल सोडून लॅक्सनपाशी बसली आणि त्याचा मोडलेला हात झोळीत बांधू लागली. "मी शेजारच्या फालोम्बेची आहे," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या आईला नऊ झाली. आम्ही चार आहोत. तिलाही हेच विचारलं होतं, तीही अशीच चिडली होती."

बिझविक खजील होऊन सायकल आणायला गेला, लॅक्सनला दवाखान्यात न्यायला. त्याला यायला वेळ लागणार होता. सगळे अंगणात आले. तियामिकेनं यंत्र पुन्हा उघडलं.

"मावशी, चारचे पाच करते. याचं नियमाप्रमाणे विचारावं लागेल." आणि ती लॅक्सनकडे वळली. "बरोबर एक वर्षापूर्वी कुठे राहत होतात?"

लॅक्सननं सासूकडे न बघता जमिनीकडे पाहिलं. एनिफा पाठ करून चुलीतली राख सारखी करू लागली. कान मात्र मागे होते.

"तुरुंगात."

मेरिफा त्याच्या जवळ सरकली.

"कशासाठी, ते माझ्या प्रश्नांत नाही," तियामिके हळूच म्हणाली.

"कागद नव्हते," तो तरीही म्हणाला. आता त्याला थांबवत नव्हतं. "टोमॅटोच्या मळ्यावर होतो. मालकानं मजुरी द्यायच्या आदल्या दिवशीच पोलीस बोलावले. सुटलो तो सरळ ट्रकमधून सरहद्दीवर आणून टाकलं. तिथून पुढे काही चाललो, काही कुणी आणलं. जाकीट एका पाद्र्यानं दिलं."

"पत्नी एकच?"

"एकच."

एनिफानं राख सारखी करणं थांबवलं. या माणसाला ती आयुष्यात जे विचारू शकली नसती, ते या पोरीनं दोन वाक्यांत विचारून टाकलं होतं.

बिझविक सायकल घेऊन आला. लॅक्सनला मागे बसवलं, मेरिफा सोबत निघाली. अंगणात दोघीच उरल्या.

"पोरी," एनिफा म्हणाली, "या यंत्राला लोक खरं सांगतात का?"

"काही सांगतात."

"आमच्या जावयानं सांगितलं का?"

"ते मला कसं कळणार, मावशी? मला तर छप्पर गवताचं सांगितलं होतं."

एनिफाला हसू आलं नाही. "पत्रे लिही," ती म्हणाली. "चार."

लॅक्सनचा हात सांधला, पण थोडा वाकडाच. कुदळ धरवेना, तेव्हा तो चहाच्या मळ्यात वजनाच्या काट्यापाशी नोंदी करायला लागला. मका त्या वर्षी आलाच नाही, कुणालाच नाही. मक्याची यादीच झाली नव्हती; ती मोजणी नुसती माणसांची होती. एनिफानं पुढचे कितीतरी महिने जावयाची पिशवी, खिसे, येण्याजाण्याच्या वेळा बारकाईनं पाहिल्या. तिला काही सापडलं नाही. संशय एकदम गेला नाही. दुखऱ्या दातासारखा तो कधी ठणकायचा, कधी विसरला जायचा.

पण ताटात मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे गोळे वाढताना पहिला, मोठा गोळा ती लॅक्सनसाठी काढू लागली. लेकीच्या हाती देऊन म्हणायची, "दे त्यांना. आणि सांग, गरम आहे, बेतानं खा म्हणावं."