अठ्ठाविसाव्या दिवसानंतर

वल्लरीने उंदराला मानेच्या कातडीने उचललं आणि पोटाखाली पट्टी धरली. मिनिटभरात पट्टीवरचा पिवळा चौकोन गर्द हिरवा झाला. लघवीतून प्रथिनं जात होती, किडनी खराब. पिंजऱ्यातल्या पाचांपैकी हा चौथा.

"रामदासकाका, हे जिवंत कसे? प्रयोग अठ्ठाविसाव्या दिवशी संपला. आज नव्वदावा."

प्राणिगृह सांभाळणारे रामदासकाका दुसऱ्या पिंजऱ्यातला भुसा बदलत होते.

"कागदावर आपली सही नव्हती, मॅडम. बिनसहीचा उंदीर मी मारत नाही. दोनदा निरोप धाडला. पण आपण कामात."

रक्तातल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना आवरून धरणारा एक संकेत असतो. वल्लरीचं औषध तो बंद करायचं, आणि लस दिल्यावर त्या पेशी आठपट प्रतिपिंडं बनवायच्या. अठ्ठाविसाव्या दिवसाचे आकडे इतके देखणे होते, की पुढे बघायचं कुणालाच सुचलं नाही. मोकळ्या सुटलेल्यांत स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशीही होत्या.

तिने पाचवा उंदीर उचललाच नाही.

दीड महिन्यापूर्वी त्या औषधाची एक कुपी तिच्या पर्समधून शनिवार पेठेत घरी गेली होती. बाबा डायलिसिसवर. डायलिसिस केंद्रात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला बी प्रकारची कावीळ झालेली, आणि बाबांना तिची लस तीनदा देऊनही लागू पडत नव्हती. चौथ्या लसीच्या दिवशी तिने स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने बाबांना त्या औषधाची सुई टोचली. आई भाजीला गेली होती.

फोन वाजला.

"रिपोर्ट आला," बाबा म्हणाले. "लस लागली! डॉक्टर म्हणाले, कमाल आहे. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा."

"बाबा, ते औषध... उंदरांच्या किडन्या जातायत."

बाबा हसले.

"माझ्या आधीच गेल्यात. आता आणखी काय नेणार?"

वल्लरीने हातमोजा काढला नव्हता. तो फोनला चिकटत होता.

"थांब, आईला बोलायचंय."

"वल्लरी, ऐक," आई घाईत होती. "मंगळवारी सकाळी सातला ॲडमिट व्हायचंय, दोघांनीही. आधी माझी किडनी काढणार, मग लगेच ह्यांना बसवणार. तू रजा टाक. आणि भीती वाटते का, असं सारखं विचारू नकोस. नाही वाटत."

रामदासकाकांनी पिंजऱ्याचं झाकण लावलं आणि ते बाहेर गेले.

"आई," वल्लरी म्हणाली, "फोन स्पीकरवर टाक. बाबांनाही बसव तिथेच."