पप्पांच्या नावावरची शाई

मिलफर्ड ट्रेक्सलरला बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या सह्या जमवायचं वेड. गावातल्या संग्राहकांत त्याच्या शब्दाला मान होता आणि तो मान त्याला जरा चढलाही होता. "पेन्सिलीनं किराण्याची यादी लिहावी. सही शाईचीच हवी," असं तो चारचौघांत ऐकवायचा. आणि वर बजावायचा, की जुनी सही कितीही फिकट होवो, ती गिरवायची नाही. गिरवली की मेली.

आणि त्यानंच व्हर्नाच्या वडिलांची सही अशी मारून टाकली होती.

व्हर्ना होक ही त्याच्या वारलेल्या बायकोची थोरली बहीण. तिचे वडील एकच उन्हाळा मोठ्या संघातून पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकायला, खेळले. तेव्हा चिमुरडी व्हर्ना स्टँडमध्ये बसून स्कोअरकार्डावर पेन्सिलीनं धावा मांडत होती. खेळ संपल्यावर पप्पांनी तिच्याच हातातली पेन्सिल घेतली आणि कार्डावर आपलं नाव लिहून दिलं. झोपायच्या आधी त्या नावावरून बोट फिरवायची तिला सवय लागली, ती म्हातारपणापर्यंत सुटली नाही. बोटांनी नावाचा धुरकट डाग झाला, आणि तिची नजरही अधू झाली.

"मिलफर्ड, पप्पा दिसेनासे झालेत रे मला. काहीतरी कर बाबा," असं म्हणून तिनं कार्ड त्याच्या हवाली केलं.

त्याच्या घरात भिंगांचा ढीग पडलेला. एक चांगलं भिंग आणि एक दिवा तिला दिला असता, तर काम भागलं असतं. पण हे शहाणपण मागाहून सुचलं. तेव्हा त्याला आपली कारागिरी दाखवायची होती. कडेचा डाग मऊ रबरानं उचलायला गेला आणि डागाबरोबर नावही निघून गेलं. कागदावर पेन्सिलीच्या दाबाची नुसती खाच उरली. मग त्यानं जुनं फाउंटन पेन काढलं आणि त्या खाचेवरून पप्पांचं नाव शाईनं लिहिलं. व्हर्नाला म्हणाला, "जरासं गिरवलं, एवढंच."

ती केवढी हरखली! त्याच्यासाठी काकवीचा गोड शूफ्लाय पाय करून घेऊन आली. त्यानं तो न चाखताच बाजूला ठेवला.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये संग्राहकांची बैठक होती. तो व्हर्नाला गाडीतून घेऊन गेला, पण तिच्या पर्समध्ये कार्ड आहे याची त्याला कल्पना नव्हती. तिनं ते कौतुकानं टेबलावर ठेवलं. संग्राहकांपैकी क्लीटस रेबरनं त्यावर भिंग धरलं आणि तो कडाडला, "गिरवलीय ही! कुठल्या गाढवानं हा उद्योग केला?"

मिलफर्डनं कॉफीच्या कपात तोंड घातलं.

व्हर्नानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मीच ते गाढव," ती म्हणाली. "दिसत नव्हतं बाबांनो, म्हणून गिरवली."

"अहो व्हर्नाबाई, घरातच एवढा जाणकार असताना त्याला विचारायचं तरी! मिलफर्ड, सांग रे यांना नियम."

आणि मिलफर्डनं सांगितला. 'गिरवली की मेली' हेसुद्धा गाळलं नाही. व्हर्ना शहाण्या मुलीसारखी मान डोलावत राहिली. त्याला स्वतःची किळस आली.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तू कशाला अंगावर घेतलंस?"

"तुझी सगळी पत त्या हॉलातच आहे रे. माझं काय जातंय?" तिनं कार्ड मांडीवर घेतलं आणि नावावर बोट ठेवलं. "शाई वरून लावली म्हणून काय झालं? खाली पप्पांची पेन्सिल आहेच की. आहे ना?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"नाही, व्हर्ना. ती माझ्याकडून पुसली गेली. हे नाव मी लिहिलंय."

तिनं बोट उचललं. कार्ड त्याच्यापुढे डॅशबोर्डवर ठेवलं.

"मग ही तुझी सही झाली," ती म्हणाली. "तूच ठेव. आणि मला घरी सोड."